उघडं फाटक

२ ऑक्टोबर २००९, शुक्रवार

आज कंपनी सुरू झाली. पुन्हा लिहिते, कारण लिहायला मजा येते आहे: आज आमची कंपनी सुरू झाली!

कंपनी म्हणजे मी, फैजान, एक जुना कॉम्प्युटर आणि नांदुऱ्यात स्टेशन रोडवरच्या वहाबचाचांच्या दुकानामागची खोली. फैजान माझ्याबरोबर बी.एस्सी.ला होता, वहाबचाचा त्याचे वडील. पुढे त्यांचं झेरॉक्स आणि सायबर कॅफे आहे, तीन केबिनचं. मागच्या खोलीत ते कागदाचे गठ्ठे ठेवतात. खुर्ची एकच असल्यामुळे मी गठ्ठ्यावर बसले, तर चाचा म्हणाले, "बेटी, त्याच्यावर नोको बसू, कोर्टाचा लेजर पेपर आहे तो. त्या साध्या कागदावर बस."

नावावरून तासभर भांडण झालं. फैजानला इंग्रजी नाव हवं होतं. मी म्हटलं, आपण जो प्रोग्राम लिहू तो ओपन सोर्स. त्याची आतली लिखावट कुणीही वाचावी, न्यावी, बदलावी, त्यात चूक सापडली तर आपल्याला सांगावी. मग नावही तसंच हवं. 'उघडं फाटक'. फैजान म्हणाला, "लोकं हासतीन. पन ध्यानात ठेवतीन." ठरलं.

घरी आले तेव्हा बाबा बैलांना पाणी दाखवत होते.

"काय नाव म्हनलं?"

"उघडं फाटक."

बाबांनी बादली खाली ठेवली आणि पोटभर हसले. "पुष्पे, वावराचं फाटक उघडं ठेवलं तं ढोरं घुसतीन ना व!"

"घुसू द्या," आई आतून म्हणाली. "तिचं कुठी वावर आहे?"

आई माझ्या बाजूची आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण तिला मी शब्द दिला आहे. हा एक कापसाचा हंगाम. तो संपेपर्यंत कुणी पैसे देऊन आम्हाला कामाला बोलावलं नाही, तर मी मुकाट्याने बी.एड.चा फॉर्म भरणार. आमच्या घरात मीच पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे पुढे काय करायचं असतं हे कुणालाच नक्की माहीत नाही. मलाही नाही.

५ ऑक्टोबर, सोमवार

प्रोग्राम कशाचा, हे लिहून ठेवते. पुढे कंपनी मोठी झाली की लोक विचारतील.

बीटी बियाणं आल्यापासून सगळ्यांची बोंडं एकदमच फुटतात. सगळा कापूस एकाच महिन्यात घरात आणि एकाच महिन्यात जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, दारात. पूर्वी चार वेचे व्हायचे, थोडा थोडा माल निघायचा. आता गाड्यांची रांग फाटकापासून पार रेल्वेच्या पुलापर्यंत जाते. दोन दोन, तीन तीन दिवस माणसं गाडीखाली झोपतात. घरी कापसाच्या ढिगाशेजारी झोपावं तर अंगाला खाज सुटते, आणि इकडे रोज भाव बदलतो. जागा धरायची म्हणून प्रत्येक जण भिंतीकडेला एक वीट ठेवतो आणि तिच्यावर चुन्याने नाव लिहितो.

गेल्या वर्षी बाबा बैलांना पाण्यावर घेऊन गेले. परत येतात तो आपल्या गाडीपुढे दोन ट्रॅक्टर, आणि 'सहदेव' लिहिलेली वीट कुणीतरी चुलीला लावलेली. तिच्यावर चहा चालला होता. बाबांनी तो चहा घेतलाही! घरी येऊन हसत हसत सांगितलं. मला मात्र हसू आलं नाही. मी त्याच रात्री ठरवलं होतं.

आमच्या प्रोग्रामचं नाव 'नंबर'. फाटकाशी कॉम्प्युटर, गाडी आली की तिला नंबराची चिठ्ठी. भिंतीवर टीव्ही, त्याच्यावर अख्खी रांग. कोण पुढे, कोण मागे, सगळ्यांना दिसणार. बस. एवढंच. पण हे एवढंच कुणी केलेलं नाही!

आणि एक. प्रत्येक ओळ काय करते हे मी बाजूला मराठीत लिहून ठेवणार आहे. फैजान म्हणतो, प्रोग्राम वाचणाऱ्याला इंग्रजी येतंच. मी म्हटलं, फाटक उघडं ठेवायचं आणि वाटेत काटे टाकायचे, हे चालणार नाही.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

भगवंतरावांच्या जिनिंगवर गेलो. भगवंतराव मालक. त्यांना रांगेशी घेणंदेणं नव्हतं, पण फाटकावर टीव्ही लागणार हे आवडलं. "जिल्ह्यात कोनाकडं आहे का?" "नाही." "मंग लावा." यंदा फुकट करून पाहायचं. हंगाम चांगला गेला तर संक्रांतीला जिनिंगवाल्यांची बैठक असते, तिथे ते स्वतः आमचं नाव सांगणार. बारा जिनिंग! मी परतताना रस्त्यात नाचणारच होते.

एक माणूस मात्र कडू निघाला. काट्यावरचे शालिग्रामकाका. तीस वर्षं तेच वजन करतात. कानावर पेन, समोर लाल वही. मी टीव्हीचं समजावत होते तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"काका, तुम्हालाही सोपं जाईल."

"मले अवघड जाऊन राह्यलं, हे कोनी सांगतलं तुले?"

मग फैजान दोन बोटांनी टाइप करत होता ते त्यांनी बराच वेळ पाहिलं. "टायपिंग शिकला नाई का बे तू? कॉम्प्युटर शिकला अन् टायपिंग नाई?" फैजानचे कान लाल झाले.

अशी माणसं बदलाला घाबरतात. त्यांना समजून घ्यायला हवं.

२८ ऑक्टोबर, बुधवार

काटापूजन झालं! काट्याला हार, टीव्हीलाही हार. पहिली चिठ्ठी निघाली तेव्हा शेतकऱ्याने ती कपाळाला लावली. नंबर १. मी रडले. फैजान म्हणाला, "रडू नको यार, की-बोर्डवर पानी पडन."

लोकांनी चिठ्ठ्या घेतल्या आणि विटाही ठेवल्या. राहू दे. सवय जायला वेळ लागतो.

१ नोव्हेंबर, रविवार

प्रोग्राम इंटरनेटवर ठेवला. सोबत फाटकाचा फोटो. आतापर्यंत चार जणांनी उतरवून घेतला आहे. पैकी तीन आम्हीच, चाचांच्या तीन केबिनमधून, चालतो का ते पाहायला.

पण चौथा कोण?!

९ नोव्हेंबर, सोमवार

मेल आली! आमच्या प्रोग्रामवर जगातली पहिली मेल! जशीच्या तशी उतरवते:

"विषय : चूक क्रमांक १ बाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, दुपारी चारनंतर पडद्यावरील पिवळी अक्षरे उन्हामुळे वाचता येत नाहीत. अक्षरे पांढरी व पट्टी काळी करावी. आपला, एक वाचक."

नाव नाही, गाव नाही. फक्त 'एक वाचक'. काय भारदस्त मराठी! शुद्धलेखनाची एक चूक नाही. मी आणि फैजानने तर्क केला: हे पुण्याचे असणार. निवृत्त शास्त्रज्ञ वगैरे. फोटोत टीव्हीचं तोंड पश्चिमेला आहे हे त्यांनी सावलीवरून ओळखलं आणि चारनंतर ऊन येणार हे पुण्यात बसून काढलं. केवढी नजर!

मी चाचांना वाचून दाखवलं. चाचा चष्मा पुसत म्हणाले, "पुन्याचे आहेत म्हंतं? असतीन, असतीन." आणि उगाच हसले.

अक्षरं पांढरी केली.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

कुणीतरी आपल्या प्रोग्रामची सगळी पानं छापून नेली, असं चाचा म्हणाले. बेचाळीस पानं. कुणी, ते सांगेनात. "गिऱ्हाइकाचं नाव सांगत नस्ते बेटी. धंद्याचा उसूल आहे." कुणी कॉलेजचा प्राध्यापक असावा. नांदुऱ्यातसुद्धा आम्हाला वाचणारं माणूस आहे!

१६ नोव्हेंबर, सोमवार

चूक क्रमांक ३: "नंबर बदलून देण्याची सोय नाही. एखाद्याच्या घरी लग्न वा मयत असल्यास मागचा माणूस आपला नंबर त्यास देतो. रांगेत ही रीत आहे. प्रोग्रामात नाही. दोघांच्या संमतीने बदल व्हावा व तो पडद्यावर दिसावा."

वाचून मी सुन्न झाले. पुण्यात बसून या माणसाला आमच्या रांगेची रीत माहीत! ओपन सोर्सची ताकद ती हीच.

शालिग्रामकाका आज दुकानात आले होते. सोमवारी जिनिंग बंद असतं. ते तीन नंबरच्या केबिनमध्ये तासभर बसले. फैजान म्हणाला, पत्रिका पाहत असतील पोरीसाठी. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "तुह्या मशीननं काल नंबर एकतीस दोनदा बोलवला," आणि गेले. एक चांगला शब्द नाही या माणसाजवळ.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फजिती. लिहायलाही लाज वाटते.

दुपारी लाइट गेली, ती तर रोजच जाते. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली होती, कॉम्प्युटर बंद पडला. लाइट आल्यावर प्रोग्राम सुरू केला, तर त्याने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत रांगेत दोन नंबर एक, दोन नंबर दोन, असं करत सोळापर्यंत. जुना नंबर एक नव्या नंबर एकाशी भांडायला लागला. एकजण टीव्हीला चप्पल दाखवत होता. मी पुढे होऊन म्हटलं, "थांबा, आमची चूक झाली," तर मागून कुणी ओरडलं, "चूक तं झाली, पन माहा नंबर कोनता?"

वाचवलं कुणी? शालिग्रामकाकांनी! त्यांच्या लाल वहीत प्रत्येक चिठ्ठीचा नंबर आणि नाव, वेळेसकट. मी आभार मानायला गेले. "मशीनवर माहा भरोसा नाई," म्हणाले, "म्हून लिहून राह्यलो." म्हणजे आमच्या अपयशाची तयारी त्यांनी आधीपासून करून ठेवली होती.

३० नोव्हेंबर, सोमवार

"चूक क्रमांक ६. वीज गेल्यावर प्रोग्राम सर्व विसरतो. दर नंबराला नोंद डिस्कवर व्हावी. पान १९ वरील टिपेत आपणच 'हे नंतर करू' असे लिहिले आहे. नंतर म्हणजे केव्हा?"

आम्ही दोघं हसून हसून कागदाच्या गठ्ठ्यावर पडलो. (साध्या.) आणि मग केलं. 'नंतर' म्हणजे आज.

१० डिसेंबर, गुरुवार

रांग आता छान चालते. एकवीस गावांची माणसं टीव्हीकडे पाहून जेवायला जातात, परत येतात. यंदा लाल्या रोगाने कितीतरी वावरं लालभडक झाली, माल कमी आणि वेचायला माणूस नाही, पण निदान फाटकावर कुणी कुणाच्या उरावर बसत नाही. एक म्हातारबा मला म्हणाले, "तूच का व टीव्हीवाली? कालपासून दोनदा घरी जाऊन आलो. बायको म्हनते, जिनिंगले जाता का कुठी जाता?"

विटा आहेतच. पण आता त्यांच्यावर नावाऐवजी चिठ्ठीचा नंबर लिहितात.

११ डिसेंबर, शुक्रवार

भगवंतरावांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा, बिस्किटं. म्हणाले, माहे पाव्हणे आहेत, दोन-तीन मोठे शेतकरी आहेत, त्याइच्या गाड्या रांगेत उभ्या राह्यल्या तं बरं दिसत नाई. एक बटन द्या. दाबलं की गाडी पुढं. टीव्हीवर मात्र दिसलं नाही पाहिजे.

मी म्हटलं, "पण प्रोग्राम तर उघडा आहे, सगळे वाचतात."

"त्या इंटरनेटवरच्यात नोका टाकू. माह्या काट्यावरच्यात टाका." आणि मग, "संक्रांतीची बैठक आहे. बारा जिनिंग."

मी विचार करते म्हटलं.

१४ डिसेंबर, सोमवार

बटन टाकलं.

कारणं लिहिते. एक: आठवड्यात सात-आठ गाड्यांचाच प्रश्न. दोन: बारा जिनिंगवर आम्ही गेलो तर हजारो लोकांची रांग सरळ होईल, त्यापुढे सात गाड्या काय? तीन: पुढच्या वर्षी आम्ही मोठे झालो की काढून टाकू.

कारणं तीन आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. मग फैजान माझ्याशी का बोलत नाही?

एकदाच बोलला. "फाटक उघडं ठेवलं, अन् मांगून कुंपनाले भगदाड पाडून राह्यली तू."

बटनावर काय लिहायचं सुचेना. 'मालक' लिहिलं. जिनिंग बंद असूनही शालिग्रामकाकांना बोलावून कसं दाबायचं ते दाखवलं. त्यांनी विचारलं, "हे तुह्या त्या छापील पानात आहे का?" मी म्हटलं, "कोणती पानं?" त्यांना प्रोग्राममधलं काय कळणार.

१९ डिसेंबर, शनिवार

बाबा दोन रात्री रांगेत होते. आज दुपारी आले. विचारलं नाही तरी कळत होतं, थंडीने आवाज बसला होता. आईने विचारलं, टीव्ही असून एवढा वेळ काऊन लागला?

"माहा नंबर त्रेसष्ट. काल दुपारी साठ झाला, एकसष्ट झाला, अन् मंग थांबला. कोनाच्या गाड्या आत गेल्या नऊ. टीव्हीवर तं दिसल्या नाईत." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मशीनची काही बारीक चूक असन. लोकं बोलून राह्यले होते. म्या म्हनलं, जाऊ द्या. तुह्या मशीनले कोनी हासू नये म्हून."

मी उठून बैलांकडे गेले. तिथे कुणी नसतं.

२१ डिसेंबर, सोमवार

"चूक क्रमांक ११. प्रसिद्ध केलेला प्रोग्राम व काट्यावर चालणारा प्रोग्राम एक नाही. काट्यावरील प्रतीत 'मालक' नावाचे बटन आहे. ते दि. १५ ते १९ या काळात चौदा वेळा दाबण्यात आले. दाबणाऱ्याचाही दोष आहे, तो त्यास मान्य आहे. परंतु बटन करणाऱ्याने विचार करावा. आपण पान १ वर लिहिले आहे : 'ही रांग सगळ्यांना दिसेल.' ते वाक्य वाचून वाचक वाचक झाला. आपला."

त्यांना कसं कळलं? जिनिंगच्या कॉम्प्युटरला इंटरनेटच नाही! फैजानला विचारलं. (तो बोलला!) तो म्हणाला, पुण्याची मानसं, काढलं असन काही तरी करून. चाचा झेरॉक्स काढता काढता थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा काढायला लागले.

कसं कळलं ते राहू दे. खरं आहे ते खरं आहे.

आता पान १ वरचं वाक्य पुसायचं किंवा बटन. तिसरी वाट मी सकाळपासून शोधली. नाही.

२२ डिसेंबर, मंगळवार

बटन काढलं. सकाळी सात वाजता, गाड्या उभ्या असताना. आणि कोणत्या दिवशी किती गाड्या रांग सोडून आत गेल्या त्याचा कागद फाटकावर लावला. खाली लिहिलं: 'हे बटन पुष्पांजलीने केलं होतं. आता काढलं आहे.' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मोठ्याने वाचलं. फैजान शेजारी उभा होता आणि माझ्या नावापुढे त्याने पेनाने '...आणि फैजानने' असं लिहिलं. त्याने तर केलंच नव्हतं!

कुणी शिव्या दिल्या नाहीत. एकजण म्हणाला, "आता ते चौदा गाड्यावाले तं गेले ना घरी." तेच जास्त लागलं.

भगवंतराव आले. कागद वाचला. "उचला डबा."

उचलला. बाबांच्याच गाडीत. टीव्ही, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, सुकलेला हार. शालिग्रामकाका काट्यावरून पाहत होते. निघताना त्यांनी वायरचं भेंडोळं आणून दिलं, नीट गुंडाळून, गाठ मारून. "हे रायलं होतं." बस. त्यांच्या मनासारखं झालं असेल.

बारा जिनिंग गेली. बी.एड.चा फॉर्म जूनमध्ये निघतो.

पण एक लिहायलाच हवं: गाडीत टीव्ही मांडीवर घेऊन बसले होते आणि मला फार हलकं वाटत होतं. बाबांनी विचारलं, "हासून काऊन राह्यली व?" मी म्हटलं, माहीत नाही. मग तेही हसले.

२४ डिसेंबर, गुरुवार

बाबा जिनिंगकडून ऐकून आले. टीव्ही नाही, चिठ्ठी नाही, पण काल सकाळी लोकांनी आमच्या शेवटच्या नंबरापासून पुढे विटांवर नंबर टाकले! शेवटचा आमचा एकशे अठरा होता, पहिली वीट एकशे एकोणीस. एक ट्रॅक्टरवाला मालकाची चिठ्ठी घेऊन सरळ काट्यावर गेला, तर शालिग्रामकाकांनी वजनच केलं नाही. "नंबर सांग." "मालकानं पाठोलं." "तं मालकाले म्हना, या वजनाले." भगवंतराव तणतणत आले, पण काटा तीस वर्षं ज्याच्या हातात आहे त्याला भर हंगामात काय म्हणणार?

बरोबरच आहे. मशीन गेलं, काकांची लाल वही परत आली. ते खूश असणार.

४ जानेवारी २०१०, सोमवार

फोन! मोताळ्याहून हिंमतराव म्हणून आहेत, त्यांचंही जिनिंग आहे.

"मालकाचं बटन काढनाऱ्या तुम्हीच का?"

मी घाबरत हो म्हटलं.

"आमच्याकडचे शेतकरी म्हनून राह्यले, त्या पोरीचा टीव्ही लावा, नाई तं आम्ही नांदुऱ्याले विटा ठेवतो. तुमचा तो प्रोग्राम माह्या भाच्यानं उतरवून घेतला. फुकटच आहे ना?"

"फुकटच आहे."

"मंग पंधरा दिवसांपासून काऊन नाई चालून राह्यला? मानूस पाठवा. मानसाचे पैसे देतो."

फोन ठेवला आणि फैजानकडे पाहिलं. प्रोग्राम फुकट. आम्ही विकत! कंपनी चालते ती अशी! हे आधी कुणी का नाही सांगितलं!

मी साध्या कागदाच्या गठ्ठ्यावर उभी राहून ओरडले. चाचांनी पडद्याआडून डोकं आत घातलं. "बेटी, आता तो बी कोर्टाचा आहे."

२० जानेवारी, बुधवार

दिवस कसे जातात कळत नाही. मोताळ्याला पाच दिवस होते, रोज बसने. मग शेगावकडचं एक जिनिंग. मग सोनाळ्याहून पोस्टाने पत्र: त्यांनी 'नंबर' तुरीच्या थ्रेशरची पाळी लावायला वापरला, 'गाडी'च्या जागी 'वावर' असं बदलून घेतलं, चाललं तर कळवा म्हणून! ज्यांना आम्ही ओळखत नाही, ज्यांनी आम्हाला विचारलं नाही, ते आमचाच प्रोग्राम सुधारून आम्हालाच पाठवतात.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांना एवढा आनंद झाला की उठून उभे राहिले. "घुसले ना ढोरं! म्या म्हनलं होतं!"

आई म्हणाली, "बी.एड.चा फॉर्म कितीले येते?" मग स्वतःच म्हणाली, "राहू दे. वाचले."

आणि आज भगवंतरावांचा निरोप. टीव्ही परत लावा. बटन नको.

२५ जानेवारी, सोमवार

नवीन जागा घेतली! वहाबचाचांच्याच वर, माडीवर. खिडकी आहे. उद्घाटन पुढच्या सोमवारी. सोमवारच का, तर 'एक वाचक' यांची मेल नेहमी सोमवारी येते, म्हणजे त्यांना त्या दिवशी सवड असते. त्यांना आग्रहाचं निमंत्रण पाठवलं. ते नसते तर ही कंपनी नसती.

तासाभरात उत्तर: "निमंत्रण पोहोचले. उपस्थित राहीन."

येणार! पुण्याहून! मी खुर्ची भाड्याने आणणार आहे, हाताची, गादीवाली. तिच्यावर 'राखीव' असा कागद.

१ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

ते आले नाहीत.

फैजान पुण्याकडच्या दोन्ही गाड्या पाहून आला. अकरापर्यंत थांबलो. सगळे आले होते: आई नवीन लुगड्यात, बाबा, हिंमतराव, रांगेतले कितीतरी जण, एकाने तर आठवण म्हणून वीट आणली, नंबर एकशे एकोणीसची. शालिग्रामकाकाही आले, मी बोलावलं नव्हतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानावर पेन नाही. आले ते सरळ जाऊन राखीव खुर्चीवर बसले.

जवळ जाऊन हळूच म्हटलं, "काका, ही पाहुण्यांसाठी आहे. तुम्ही तिकडे बसता का?"

वहाबचाचा म्हणाले, "बेटी, अगं ते..." पण काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. उठले. भिंतीशी जाऊन उभे राहिले. पेढा दिला तो घेतला, खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि गेले.

कार्यक्रम छान झाला. पण खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच.

संध्याकाळ

मेल आली आहे.

"विषय : चूक क्रमांक १९ बाबत. महोदया, आज सकाळी अकरा वाजता राखीव खुर्चीवर योग्य माणूस बसला असता त्यास उठविण्यात आले. चूक गंभीर नाही. सवडीने दुरुस्त करावी. पेढा चांगला होता. आपला, एक वाचक."

मी चार वेळा वाचली. मग खाली गेले. तीन नंबरच्या केबिनमधली खुर्ची अजून गरम होती. चाचांनी माझं तोंड पाहिलं आणि काउंटरवर डोकं टेकवून हसत सुटले. त्यांना तीन महिन्यांचं हसू साठलं होतं.

सोमवार. चारनंतरचं ऊन. नंबर एकतीस दोनदा. बेचाळीस पानं. 'दाबणाऱ्याचाही दोष आहे, तो त्यास मान्य आहे.' देवा!

२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी खुर्ची डोक्यावर घेतली आणि स्टेशन रोडवरून चालत जिनिंगवर गेले. 'राखीव'चा कागद वाऱ्याने फडफडत होता. लोक विचारत होते, पुष्पाताई, कुठी निघाल्या? रांगेतून वाट काढली. (कुणी हरकत घेतली नाही. खुर्चीला नंबर लागत नाही.)

शालिग्रामकाका चौदा नंबरच्या गाडीचं वजन करत होते. मी खुर्ची काट्याशेजारी ठेवली.

"वजनाच्या टायमाले मधात येऊ नोको व."

मी थांबले. वजन झालं, वहीत लिहिलं, टीव्हीवर पंधरा आला. पांढरी अक्षरं, काळी पट्टी. मग ते खुर्चीकडे आले, कागद काढला, चार घड्या करून खिशात ठेवला आणि बसले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून, नीट.

मी पाठ करून आणलेलं वाक्य बोलायला सुरुवात केली.

त्यांनी दुसऱ्या खिशातून पानं काढली. बेचाळीस पानं, कडेला लाल पेनाच्या खुणा. अंगठ्याला थुंकी लावून उलटली.

"पान सत्तावीस. पाह्य इकडं. हे काऊन असं लिहिलं तू?"

मी काट्याच्या कठड्यावर बसले आणि पाहिलं. ते बरोबर म्हणत होते.

चूक क्रमांक १९ दुरुस्त. चूक क्रमांक २० वर काम सुरू.